न सांगता होणारी राखण

तवा उतरवताना हातातले फडके जरा सरकते, बोटाला चटका बसतो आणि हात मागे येतो. ‘आई गं’ तोंडातून निघते ते त्यानंतर. हा क्रम आपण आयुष्यात शेकडो वेळा अनुभवतो आणि दर वेळी उलटा सांगतो : ‘चटका बसला म्हणून मी हात मागे घेतला.’ खरे तर ते काम ‘मी’पर्यंत पोचलेलेच नसते. बोटाच्या त्वचेतून निघालेली खबर मानेतल्या मज्जारज्जूत शिरते, तिथूनच दंडाच्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि कोपर दुमडते. मेंदूकडे निघालेली खबर तोवर वाटेतच असते.

त्या दुखण्याकडेही जरा लक्ष दिले तर त्याचे दोन भाग दिसतात. आधी सुईसारखा टोकदार चटका, आणि क्षणभराने पसरत येणारी आग. या दोन्ही खबरा वेगवेगळ्या तंतूंतून येतात. एका जातीच्या तंतूंवर पातळ आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने धावतो. दुसऱ्या जातीचे तंतू आवरणाविना असतात. त्यांतला संदेश सेकंदाला मीटरभर सरकतो, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतका. बोटापासून मेंदूपर्यंतचे अंतर साधारण मीटरभर, त्यामुळे आग कळायला जवळजवळ एक सेकंद लागतो. हात ओढला जातो तो पहिल्या, वेगवान खबरीवर. दुसरी खबर उशिरा येते आणि बराच वेळ टिकते. ते बोट आता जपायचे आहे, याची ती आठवण असते.

हे पुस्तक अशा कामांविषयी आहे. शाळेत आपण त्यांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणायला शिकलो; दवाखान्यात आणि क्रिकेटच्या समालोचनात ‘रिफ्लेक्स’ हाच शब्द रुळला आहे. शाळेतली व्याख्या बहुतेकांना पाठ असते : विचार न करता, आपोआप घडणारी क्रिया. ती चुकीची नाही. पण ती मनात एका बटणाचे चित्र ठेवून जाते. बटण दाबले, दिवा लागला, संपले. वैद्यकाच्या शिक्षणात रबरी हातोडी पहिल्यांदा हातात आली तेव्हा माझ्याही मनात हेच चित्र होते. पुढे रुग्णांच्या गुडघ्यांनी, डोळ्यांनी आणि तळपायांनी ते बदलले. प्रतिक्षिप्त क्रिया ही शरीराने न सांगता चालवलेली राखण आहे. ती जितकी जुनी तितकीच सावध आहे, आणि मनाला न विचारता चालत असली तरी मनाच्या ओळखीबाहेरची नाही. एवढेच मला या पुस्तकात सांगायचे आहे.

सुरुवात गुडघ्यापासून करू, कारण इतकी आखूड वाट दुसरीकडे क्वचितच सापडते. पाय मोकळा लोंबत ठेवून वाटीखालच्या कंडरेवर हातोडी मारली की पाय पुढे उडतो. पाहणाऱ्याला वाटते, गुडघ्याला मार लागला म्हणून पाय उडाला. गुडघ्याचा यात फारसा संबंध नाही आणि दुखण्याचा तर मुळीच नाही. हातोडीने कंडरा किंचित दाबली जाते आणि तिला जोडलेला मांडीचा मोठा स्नायू क्षणभर ताणला जातो. या स्नायूच्या आत सूतकताईच्या चातीच्या आकाराची, मधे फुगीर आणि टोकांना निमुळती, अगदी बारीक ज्ञानेंद्रिये असतात. स्नायू किती ताणला आणि किती वेगाने ताणला, हे ती सतत मोजत असतात. ताणाची खबर संवेदी चेतापेशीच्या तंतूतून कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूत येते आणि मधे कोणालाही न भेटता थेट प्रेरक चेतापेशीला मिळते. ती त्याच स्नायूला आखडायला सांगते. हातोडी पडल्यापासून स्नायूत विद्युत हालचाल दिसेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंद जातात. डोळ्यांनी दिवा लागलेला पाहून मुद्दाम बोट हलवायला याच्या सुमारे दहापट वेळ लागतो.

आता प्रश्न असा, की हातोडी तर डॉक्टरांनी अलीकडे शोधली. मग शरीराने ही व्यवस्था कशासाठी ठेवली असेल? उत्तर एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत आहे. गाडी गचका देते, गुडघे किंचित वाकतात, मांडीचा स्नायू ताणला जातो आणि तो ताण पडता क्षणीच स्नायू आखडून पाय सावरू लागतो. त्यामागोमाग पाय, पाठ आणि मान यांतल्या इतर वाटा कामाला लागतात. आपण शेजाऱ्याशी बोलत असतो आणि बोलणे तुटतही नाही. नुसते उभे राहणे हेसुद्धा दर क्षणी अशा बारीक सावरण्यांवर उभे आहे.

यात आणखी एक खुबी आहे. मांडीच्या पुढचा स्नायू आखडताना मागचा स्नायू सैल पडावा लागतो, नाहीतर दोघे एकमेकांना ओढत बसतील. म्हणून तीच खबर मज्जारज्जूत एक फाटा काढते आणि एका मधल्या चेतापेशीमार्फत मागच्या स्नायूला थांबवते. म्हणजे पाय उडण्याच्या या एका साध्या क्रियेत एक ‘कर’ आहे आणि एक ‘करू नकोस’ आहे. हा ‘करू नकोस’ पुढे पुस्तकभर आपल्या सोबत राहणार आहे.

ही वाट माणसाला सापडायला बराच काळ लागला. फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त याच्या मृत्यूनंतर 1662 मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात एक चित्र आहे : विस्तवाजवळ पाय असलेला मुलगा आणि त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत गेलेला एक धागा. दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसे हे होते असे त्याचे म्हणणे. त्याच्या हिशेबात सगळे मेंदूतून होऊन परतत होते. अठराव्या शतकात डोके नसलेल्या बेडकाचा पाय चिमटा घेतल्यावर आखडतो हे लोकांनी पाहिले. एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट यांनी 1751 मध्ये दाखवले की मज्जारज्जूचा नाश केला तर मात्र तो आखडत नाही. पुढे लंडनमध्ये चार्ल्स बेल आणि पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजांदी यांच्या कामातून मज्जारज्जूची मुळे उलगडली. मागच्या मुळातून खबर आत येते, पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. येण्याचा दरवाजा वेगळा, जाण्याचा वेगळा. 1833 मध्ये मार्शल हॉल यांनी मज्जारज्जूचे हे स्वतंत्र काम रॉयल सोसायटीपुढे मांडले. संदेशाचा वेग मोजताच येणार नाही असे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर तो मोजला आणि तो सेकंदाला सुमारे 27 मीटर निघाला. 1875 मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, गुडघ्याची ती उडी तपासणी म्हणून नोंदवली. तेव्हापासून हातोडी डॉक्टरांच्या हातात आली.

या सगळ्याला एकत्र बांधले ते चार्ल्स शेरिंग्टन यांनी. दोन चेतापेशींच्या मधल्या सांध्याला ‘सिनॅप्स’ हे नाव त्यांनीच 1897 मध्ये दिले. 1906 मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचा मूळ विषय हाच होता की शरीरातल्या असंख्य वाटा एकमेकींशी जुळवून घेत एक माणूस कसा घडवतात. एकटी, सुटी प्रतिक्षिप्त क्रिया ही अभ्यासाच्या सोयीसाठी मानलेली गोष्ट आहे, असा इशारा त्यांनी स्वतःच देऊन ठेवला. 1932 मध्ये त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल मिळाले. बटणाचे चित्र पुसायला घेतलेले ते पहिले मोठे हात होते.

ते चित्र कसे पुसले जाते हे पाहायला स्वयंपाकघरात परत जाऊ. या वेळी हातात उकळत्या आमटीचे पातेले आहे आणि खाली रांगते मूल आहे. फडके सरकते. बोटे भाजतात. तव्याच्या वेळी झटक्यात मागे आलेला तोच हात आता मागे येत नाही. आई ओठ आवळून दोन पावले टाकते, पातेले ओट्यावर ठेवते आणि मग हात झटकते. मज्जारज्जूतली वाट तीच होती, चटकाही तोच होता. पण मेंदूने खालच्या प्रेरक पेशींना आधीच बजावून ठेवले होते : आत्ता नाही. प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदू नसतो असे म्हणताना हे पातेले लक्षात ठेवावे. दर वेळी हुकूम द्यायला तो येत नाही एवढेच. राखणदार किती कडक असावा आणि कधी गप्प राहावा, हे तो सतत ठरवत असतो. गुडघ्याचा रिफ्लेक्स नीट येत नसेल तर डॉक्टर म्हणतात, ‘दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढा.’ हात ओढण्यात लक्ष गुंतले की पाय चांगला उडतो. हंगेरीच्या येंड्रासिक यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेली ही युक्ती आजही रोज वापरली जाते.

मेंदूचा हा वरचा हात जन्मतः तयार नसतो. नवजात बाळाच्या तळहाताला बोट लावा, ते घट्ट धरेल. गालाला स्पर्श करा, तोंड तिकडे वळेल. डोके किंचित मागे कलले की दोन्ही हात पसरून, मग मिठी मारावी तसे ते जवळ घेते. एर्न्स्ट मोरो यांनी 1918 मध्ये याचे वर्णन केले. मूल दचकते म्हणून आपल्याकडे त्याला दुपट्यात गुंडाळतात. चार ते सहा महिन्यांत हे दचकणे आणि ती मूठ दिसेनाशी होतात. ज्या वाटेवरून मूठ मिटत होती ती वाट मात्र मोडलेली नसते. मेंदूचा वाढता पुढचा भाग तिला थांबवून धरतो, म्हणून तर मुलाला हवे तेव्हा वस्तू धरता येते आणि हवी तेव्हा सोडता येते. कधी म्हातारपणी मेंदूचा हा भाग झिजतो आणि आजोबांच्या तळहातावर बोट ठेवले तर ती मूठ पुन्हा मिटते. तळपायाचेही असेच. बाहेरच्या कडेने रेघ ओढली की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो, वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या बाळाचा वर उठतो. मोठ्या माणसाचा अंगठा वर उठला तर मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गात बिघाड आहे, हे जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये सांगितले. कोणतेही यंत्र न लावता, एका रेघेने, डॉक्टरला मेंदूची खबर मिळते.

आईच्या बाजूनेही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि तिला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : पान्हा. बाळ चोखू लागले की स्तनातून खबर मेंदूच्या तळाशी जाते, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटते आणि दूधग्रंथींभोवतीच्या पेशी आकसून दूध पुढे येते. येण्याची वाट चेतातंतूंची, जाण्याची वाट रक्ताची. म्हणून याला थोडा वेळ लागतो. बाळाचे तोंड वळवणे आणि चोखणे, आईचा पान्हा : दोन शरीरांतल्या दोन वाटा इथे एकमेकींना जोडून एक फेरा पूर्ण करतात. गाय पान्हवण्यासाठी आधी वासरू सोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे शास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पुढे पुढे बाळाच्या नुसत्या रडण्याने आईला पान्हा फुटतो आणि चिंतेने किंवा वेदनेने तो अडतोही. इथे शिकणे आणि मन प्रतिक्षिप्त क्रियेत कसे मिसळते, ते दिसते. रशियात इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवर ज्याचा अभ्यास केला तो हाच धागा.

मात्र शिकण्याने आलेली प्रत्येक चपळाई प्रतिक्षिप्त नसते. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, हेल्मेटविना उभे राहत. 27 कसोटींत त्यांनी 53 झेल घेतले. ‘काय रिफ्लेक्स आहेत!’ असे आपण म्हणतो आणि नकळत त्यांचे श्रेय कमी करतो. तो झेल डोळ्यांनी, मेंदूने आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने घेतलेला असतो. फलंदाजाचे पाऊल आणि बॅटचा कोन वाचून शरीर आधीच झुकलेले असते. गुडघ्याची उडी आपल्याला जन्मतः मिळते. असा झेल कमवावा लागतो.

रोजच्या आयुष्यात ही राखण दिसत नाही, कारण ती चुकत नाही. हे पान हातात धरून डावी-उजवीकडे भराभर हलवा, अक्षरे पुसट होतील. आता पान स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान हलवा, अक्षरे वाचता येतील. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मान वळताच सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरवतो. पंगतीतून उठताना अर्धा लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते, तरी बहुतेकांना चक्कर येत नाही. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांच्या भिंती दाब मोजतात आणि हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचा आकस त्याप्रमाणे बदलतो.

जिथे ही वाट तुटते तिथे तिची किंमत कळते. मधुमेहात लांब चेतातंतू आधी खराब होतात. टाचेमागच्या कंडरेचा रिफ्लेक्स मंदावतो, तळपाय बधिर होतात आणि चपलेतला खडा दिवसभर टोचूनही कळत नाही. कुष्ठरोगात हे फार भयंकर रूप घेते. बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळे, असे शतकानुशतके मानले गेले आणि त्या समजुतीने माणसे वाळीत टाकली गेली. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवले की बधिर झालेल्या हातांना रोजचे भाजणे, कापणे, घासणे कळत नाही आणि त्या न कळलेल्या जखमांनी बोटे जातात. असा माणूस चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलतो आणि त्याचा हात मागे येत नाही. आईचा हात मागे आला नव्हता तो मुलासाठी. याचा येत नाही कारण खबरच निघत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात किंवा अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांच्या ज्या हातांनी शेती आणि उद्योग उभे केले, ते हात ही राखण नसताना राबले, हे विसरू नये.

तुटलेल्या वाटेचा अर्थ लावतानाही सावध राहावे लागते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. सकाळपर्यंत पापण्या मिटतात, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबू लागतो. विष चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते, म्हणजे वाटेच्या शेवटच्या पावलावर. गुडघा उडत नाही, डोळ्याला स्पर्श केला तरी पापणी लवत नाही, कधी डोळ्यांच्या बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते सगळे संपले. पण आत मेंदू जागा असू शकतो; तो ऐकत असतो. श्वास यंत्राने चालू ठेवला तर काही दिवसांनी असा माणूस उठून घरी जातो. याच्या उलट, मेंदूचा देठ मृत झालेल्या माणसाचा हात किंवा पाय कधी हलतो, कारण मज्जारज्जू जिवंत असतो, आणि नातेवाइकांच्या मनात आशा दाटून येते. म्हणूनच आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मेंदूमृत्यू ठरवताना चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करतात. बाहुली, कॉर्निया, घसा, श्वास असे मेंदूच्या देठातले रिफ्लेक्स एकेक करून पाहतात, आणि विष किंवा औषधाचा अंमल नाही ना याची आधी खात्री करतात. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माझे एक सांगणे आहे : मण्यार चावलेल्या रुग्णाजवळ उभे राहून त्याच्याशी बोलत जा.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात : आधी मज्जारज्जूतल्या वाटा, मग डोळा, कान, हृदय आणि पोट यांच्या वाटा, मग बाळ, मग आजार. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही सोबत येता यावे असा प्रयत्न आहे. जिथे घरी करून पाहता येईल तिथे मी तसे सांगितले आहे, कारण या विषयाची सर्वांत चांगली प्रयोगशाळा तुमच्याजवळच आहे.

शेवटी एका सवयीविषयी लिहितो, कारण तिने मला या विषयाकडे पाहायला शिकवले. कुष्ठरोगात कॉर्नियाची संवेदना गेली आणि पापणी मिटवणारा स्नायू दुबळा झाला की डोळ्यात कण गेल्याचे कळत नाही आणि पापणी आपली आपण पडत नाही. डोळा कोरडा पडून दृष्टी जाऊ शकते. अशा रुग्णांना एक गोष्ट शिकवतात. दिवसात वारंवार समोर येणारी एखादी खूण ठरवायची, एखादे झाड, एखादे दार. ती दिसली की थांबायचे आणि डोळे मुद्दाम, घट्ट मिटायचे. रात्री दिव्याखाली तळहात आणि तळपाय उलटेपालटे करून पाहायचे. जे काम तुमच्या-माझ्या शरीरात दर काही सेकंदांनी न मागता होते, ते हा माणूस आठवणीने, स्वतःच्या हिमतीवर, जन्मभर करत राहतो. हे वाक्य वाचेपर्यंत तुमची पापणी एकदा तरी मिटली असेल. तिच्यामागची वाट आता आपण पाहायला निघू.